कानापर्यंत तिचं, पुढे त्याचं

त्याला सगळे ओळंबाकाका म्हणत. भिंत सरळ उठते आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतात, तो ओळंबा. काका तसाच होता. उंच, काटकुळा, आणि बोलणंही सरळ खाली पडणारं. नव्या कोऱ्या घराच्या मालकाला तो तोंडावर सांगायचा की ह्या भिंतीत दम नाही, आणि मालकाचा चेहरा उतरला तरी ह्याला त्याचं सोयरसुतक नसे. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही. त्यालाही ते आवडत असावं, कारण त्या नावाने हाक मारली की तो लगेच वळून बघायचा.

त्याचं काम झुले टांगायचं. साखळ्यांचा, फळीचा झोपाळा नव्हे. सुताचा विणलेला झुला, दोन टोकांना अडकवायचा आणि आत निजलं की माणसाला पोटात घेणारा. झुले त्याची बायको विणायची. तिला सगळी गल्ली मावशी म्हणे. नात्याच्या हिशेबाने काका आणि मावशी हे जोडपं होत नाही, पण गल्लीला हिशेब कोण विचारतो? घराची पुढची खोली म्हणजे दुकान. तिथे उभी लाकडी चौकट, चौकटीवर ताणलेलं सूत, आणि सुतातून इकडून तिकडे पळणारा धोटा. धोट्याचा खटखट आवाज थांबला की गल्लीतल्या बायका समजायच्या, गिऱ्हाईक आलं.

गिऱ्हाईक आलं की आधी रंगाला हात घालायचं. निळा बरा की पिवळा. मावशी म्हणायची, रंगाचं नंतर बघू, आधी निजणार कोण ते सांगा. मग ती त्या माणसाला भिंतीपाशी उभं करून मापायची आणि त्याच्या उंचीवर दीड हात आणखी धरायची. गुडघे दुखणाऱ्याला दाट विणीचा, घाम येणाऱ्याला विरळ विणीचा. नायलॉनचा झुला मागणाऱ्याकडे ती अशी बघायची की तो आपोआप सुती घ्यायचा. एकदा एक जाडजूड गृहस्थ आणि त्यांची किरकोळ बायको दोघांत मिळून एक झुला घ्यायला आली. मावशीने दोन घ्यायला लावले. म्हणाली, एकात निजलात तर झोप एकाचीच होईल आणि ती कोणाची ते मी सांगायला नको. बायको इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली.

बांधून देताना ती तेच तेच सांगायची. धुवायचा तो गार पाण्यात, भिजत घालून. धुण्याआधी दोन्ही टोकं एकमेकांना बांधायची, नाहीतर गुंता सोडवता सोडवता दिवस जाईल. सावलीत वाळवायचा. पावसात विसरायचा नाही, उन्हात सोडायचा नाही. आणि निजायचं तिरकं, कोपऱ्यातून कोपऱ्यात, म्हणजे पाठ सपाट राहते. सरळ निजणाऱ्याची पाठ धनुष्य होते आणि मग तो झुल्याला नावं ठेवतो.

टांगायला काका जायचा. छताला बोटाच्या पेराने ठोकत फिरायचा, कान लावून ऐकायचा, आणि कुठे भरीव तुळई आहे आणि कुठे नुसता गिलावा आहे ते सांगायचा. झुला ताणून बांधा म्हणणारी माणसं त्याला अजिबात खपत नसत. ताणून बांधला की तो उलटतो आणि माणसाला खाली टाकतो, म्हणून काका नेहमी पोट सोडून बांधायचा, बसल्यावर पाय जमिनीला टेकतील इतका. शेवटी स्वतः त्यात बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. वर्षातून एकदा तो सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांकडे फेरी मारायचा. आकडे, दोऱ्या, गाठी, सगळं हाताने चाचपून बघायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि ह्याचे तो कुणाकडून काही घेत नसे. आजवर त्याने टांगलेला एकही झुला खाली आला नव्हता. हे तो सांगायचा नाही, पण त्याच्या चालण्यात ते दिसायचं.

आता कानाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. झुल्याच्या अंगाच्या साऱ्या दोऱ्या टोकाला एकत्र येतात आणि त्यांचा वळून एक जाड फास होतो. त्याला हे नवरा-बायको कान म्हणत. कानात काकाची दोरी ओवली जायची आणि ती दोरी वर आकड्याला. म्हणजे कानापर्यंत तिचं काम आणि कानापासून पुढे त्याचं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत एकदा त्याने तिच्या देखत, गिऱ्हाइकासमोर, तिने वळलेला कान दोन्ही हातांनी ओढून पाहिला होता. मावशी गिऱ्हाइकाशी गोड बोलली आणि नवऱ्याशी चार दिवस बोलली नाही. तेव्हापासून घरात तिच्या कानाला हात लावायचा नाही म्हणून त्याने कानाला हात लावला. तीही काही कमी नव्हती, पण शहाणी होती. त्याची गाठ तिने कधी ओढून पाहिली नाही. बाहेर, गिऱ्हाइकाकडे, तो एकटा असायचा तेव्हा कानही बघायचा आणि झिजलेला दिसला की झुला उतरवून तिच्याकडे आणायचा. घरात मात्र ती सीमा दोघांनी पाळली. एकमेकांवर विश्वास आहे हे दाखवायची त्यांची ती रीत होती.

घरचा झुला मागच्या व्हरांड्यात होता. मावशीने लेक पोटात असताना विणलेला, मातकट रंगाचा. दुपारचं जेवण उरकलं की ती त्यात तासभर निजायची. दोरी आणि कान ह्यांच्यामध्ये काका सगळीकडे एक लोखंडी कडी घालायचा, म्हणजे दोरी सुतावर घासत नाही. घरच्या झुल्यालाही होती. पण ती कुरकुरायची. मावशीची झोप सावध, त्या आवाजाने ती जागी व्हायची आणि मग दिवसभर डोकं धरून बसायची. एक दिवस ती म्हणाली, ती कडी काढून टाका बाई एकदाची. काकाने काढली. कडीच्या जागी चामड्याचा तुकडा शिवून घालायचा असं त्याने ठरवलं होतं. ते उद्यावर गेलं, उद्याचं परवावर गेलं, आणि कडी काढल्याचंच तो विसरला. किती वर्षं झाली कोण जाणे.

तो झुला दुपारी खाली आला. काका तेव्हा एका निवृत्त बाईंच्या घरी तुळई ठोकत होता. समोरची शिंपीण धावत बोलवायला आली. तो घरी पोहोचला तेव्हा मावशी व्हरांड्याच्या फरशीवर एका कुशीवर पडलेली, एक पाय नको तसा वळलेला, आणि झुल्याचं बोचकं तिच्या अंगाखाली. वर आकड्याला त्याची दोरी शाबूत लोंबत होती, बिनकडीची. ती त्याला दिसली. त्या घाईतही दिसली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, बारा दिवस दवाखान्यात गेले. लेक तिच्या गावाहून येऊन राहिली. काका घरी न जाता तिथल्या बाकावर बसून असायचा. लोक समजायचे बायकोची काळजी करतोय, आणि करत होताच, पण त्याच्या मनात सारखं कानाचं ते तुटलेलं टोक होतं. एक नजर टाकली की त्याला कळलं असतं. सूत जुनं होऊन, ओल खाऊन कुजलं असेल तर ते मधेच तुटतं, टोक बोथट राहतं आणि चुरडलं की भुगा होतो. आणि दोरीने घासून घासून तुटलं असेल तर टोकं निमुळती होतात, एकेक धागा वेगळा, दाढीच्या जुन्या ब्रशासारखी. पहिलं असेल तर म्हातारपण झुल्याचं. दुसरं असेल तर त्याने बायकोला स्वतःच्या हाताने पाडलं होतं. इतकंच त्याला जाणून घ्यायचं होतं आणि इतकं जाणल्याशिवाय त्याला घास गिळवत नव्हता.

घरी आणल्यावर मावशीची खाट पुढच्या खोलीत, चौकटीशेजारी टाकली. त्याच दुपारी तो औषधं आणायला गेला. आल्यावर झुला बघायचा असं त्याने मनाशी घोकलं होतं. दारात पाऊल टाकलं तर मावशी उशांना टेकून बसलेली, मांडीवर तोच झुला, आणि तुटलेल्या कानाचा सगळा पीळ तिने केव्हाच उकललेला. बोटांवर नवं सूत गुंडाळलेलं. नव्या कानाचे पहिले फेरे पडलेही होते.

"कशाला लगेच?" तो म्हणाला. त्याच्या हातातली औषधांची पिशवी तशीच राहिली.

"हात रिकामे बरे वाटत नाहीत," ती म्हणाली. वर बघितलं नाही.

सहा दिवस ती तो कान वळत होती. हातभर सूत वळलं की दमायची, डोळे मिटायची, पुन्हा घ्यायची. काका समोर बसून पाहायचा आणि विचारायचं राहून जायचं. विचारायचं तरी काय? तुटलं कसं गं, ह्या प्रश्नात त्याचा गुन्हा आधीच कबूल झालेला होता. सातव्या दिवशी तिने झुला त्याच्यापुढे धरला. त्याने इतका देखणा कान आजवर पाहिला नव्हता. तिहेरी पेड, वर बारीक गुंडाळी, कुठे टोक म्हणून दिसत नव्हतं.

"अहो, टांगा ना हा. एकदाच निजते. ह्या खाटेने पाठ सोलून निघाली माझी."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"डॉक्टरांना कोण सांगायला जातंय? माझ्या कानावर विश्वास नाही का तुमचा?"

"तुझ्यावर आहे," तो म्हणाला. "माझा माझ्यावर नाही."

तिने हातातला झुला बाजूला ठेवला. मग तिने त्याला जवळ बसायला सांगितलं, आणि ती जे बोलली ते तिने आधी मनात जुळवून ठेवलेलं असावं, कारण ती कुठे अडखळली नाही.

"हे बघा, तुटला तो कान. तुमची दोरी अजून वर लोंबतेय, जाऊन बघा. कान माझा होता. कुजला होता. मला गेल्या पावसाळ्यातच दिसलं होतं, पण आळस केला. तुमचं काही चुकलेलं नाही. आता टांगताय का?"

त्याने टांगला नाही. हे त्याला पुढे फार जड गेलं, तेव्हा आधीच सांगून टाकतो. बायकोने आयुष्यात त्याच्याकडे मागितलेल्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या होत्या आणि ही शेवटची होती. पण त्याचे हात आकड्यापर्यंत जाईनात. दोनदा शिडी लावली, दोनदा काढली. मावशी म्हणाली, राहू द्या मग, आणि झुला घडी करून खाटेखाली ठेवायला लावला. महिन्याभराने तिच्या छातीत कफ साठला. ताप चढला, पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं. पडून राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना होतं असं, डॉक्टर म्हणाले. पाचव्या दिवशी सकाळी दवाखान्यातच ती वारली. लेक चहा आणायला खाली उतरली होती आणि काका तिचा हात धरून बसला होता. त्याला वाटलं, हिला डोळा लागला.

नंतरचे दिवस कसे गेले ते त्याला विचारू नये. पुढच्या खोलीतली चौकट अर्ध्या विणलेल्या झुल्यासकट तशीच उभी होती. लेक राहिलीच, तिच्या नवऱ्यानेच राहा म्हणून सांगितलं. त्या निवृत्त बाई दोनदा येऊन गेल्या, त्यांचा झुला टांगायचा राहिला होता. दोन्ही वेळा काकाने बरं वाटत नाही असं कळवलं. खरं असं होतं की काम संपल्यावर गिऱ्हाईक विचारतं, पक्का आहे ना, आणि ह्या प्रश्नाला आता त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. लोक त्याची समजूत घालायचे. म्हणायचे, वय झालं होतं, निमित्त झालं. तो मान डोलवायचा. मनात म्हणायचा, निमित्त झालं खरं, पण त्या निमित्ताला नाव आहे की नाही?

मावशी म्हणाली होती, कुजला होता. मावशी खोटं बोलत नसे. पण त्याच्याकरता बोलली असती, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी डोक्यात घेऊन तो व्हरांड्यात येरझारा घालायचा. आणि मग एक दिवस त्याच्या मनात आलं की ते तुटलेलं टोक गेलेलं नाही. ते आहे. मावशी सूत कधी कापत नसे. चाळीस वर्षांत त्याने तिला जुन्या दोऱ्याला कात्री लावताना पाहिलं नव्हतं. झिजलेलं, तुटलेलं टोक ती तसंच ठेवायची आणि नवं सूत त्याच्या अंगावर चढवायची. म्हणायची, जुन्याला धरूनच नवं बसतं. म्हणजे त्या देखण्या कानाच्या पोटात ते टोक असणार.

लेक बाजारात गेली होती. भर दुपार होती. त्याने खाटेखालून झुला काढला, खिडकीपाशी उजेडात बसला, चष्मा पुसला. कुठे टोकच दिसत नव्हतं, मग गुंडाळीत दाभण घालून त्याने एक फेरा उचलला. एक सुटला. मग दुसरा. त्याने मनाला बजावलं होतं की जसं सोडवतोय तसंच परत घालायचं. प्रत्येक फेरा किती वळसे, कोणत्या बाजूने, हे तो पुटपुटत होता. गाठी सोडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण ह्या गाठी नव्हत्याच. एक पेड सुटला की बाकीचे दोन आपापले सैल पडायचे आणि मघाशी कोण कुणावर होता ते ध्यानात राहायचं नाही. अर्ध्यावर त्याला थांबावंसं वाटलं. थांबून उपयोग नाही हेही तेव्हाच कळलं, कारण अर्धं तरी त्याला कुठे परत घालता येणार होतं? तो शेवटपर्यंत गेला.

आत जुनं मातकट सूत होतं. सगळी टोकं एका रेषेत. बोथट नव्हती, निमुळतीही नव्हती. कात्रीने कापलेली होती, एकसारखी, तुटल्या जागेपासून वीतभर मागे.

तो त्या टोकांकडे बघत राहिला. त्याला समजायला वेळ लागला नाही. कुजलेलं असतं तर तिने ते त्याच्या हातात दिलं असतं. हे बघा म्हणाली असती, झालं तुमचं समाधान? लपवावं असं कुजलेल्या सुतात काय आहे? जन्मात सुताला कात्री न लावणाऱ्या बाईने, मोडक्या खुब्याने, बसायचं बळ नसताना, पहिलं काम कोणतं केलं तर तो उजेडात बघेल ते सगळं कापून टाकलं. आणि मग त्याच्यासमोर बसून सहा दिवस वरून कान वळला, कारण आपला नवरा एक ना एक दिवस आत बघणार हेही तिला माहीत होतं. फक्त एवढ्याने त्याला खरं कळेल हे तिच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल आणि तिच्यापाशी दुसरा उपायच नसेल.

लेक आली तेव्हा तो तसाच खिडकीत बसला होता. सुटलेल्या दोऱ्यांचं टोक त्याने उजव्या मुठीत घट्ट धरलेलं. बाकीचा झुला मांडीवरून खाली जमिनीवर. तिने पिशव्या दारातच ठेवल्या.

"बाबा, हे काय केलंत?"

"कात्री कुणी दिली तिला?" त्याने विचारलं.

ती खाली बसली. म्हणाली, "मी दिली. तुम्ही औषधं आणायला गेला होतात. बाबांना सांगू नकोस म्हणाली."

"कापलेली टोकं तू बघितलीस?"

"मला त्यातलं काय कळतंय? तिने कागदात गुंडाळून दिली. म्हणाली, कचऱ्याच्या गाडीत टाकून ये, घरातल्या डब्यात नको. मी टाकली."

काकाने मान हलवली. तिच्यावर रागवायचं काही कारण नव्हतं. त्याला राग आला होता तो बायकोचा. त्याला म्हणायचं होतं की तू मला शिव्या द्यायच्या होत्यास, मी ऐकल्या असत्या. त्याला म्हणायचं होतं की मी तुला त्या झुल्यात एकदा निजू द्यायला हवं होतं. दोन्ही वाक्यं एकाच वेळी ओठांवर आली आणि तो हुंदके देऊन रडला, दवाखान्यात रडला नव्हता तसा.

लेकीने त्याला पाणी दिलं. डाव्या हाताने त्याने ते घेतलं. उजवी मूठ सुटत नव्हती. बोटं पांढरी पडली होती.

"तुला येतं हे परत वळायला?" त्याने विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली. आई शिकवते म्हणायची आणि तिला तेव्हा वेळ नसायचा.

"सोडल्या तर मिसळतील सगळ्या," तो म्हणाला.

"मग एक गाठ मारून ठेवा ना बाबा, तात्पुरती. तुमच्याइतकी पक्की गाठ कोण मारतं?"

तिने कोपऱ्यातून सुतळीचा तुकडा आणून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. त्याने त्या सुतळीकडे पाहिलं. त्याला वीस तऱ्हेच्या गाठी येत होत्या आणि त्यातली कुठलीही ह्या दोऱ्यांवर जन्मभर टिकली असती.

"नको," तो म्हणाला. "तिच्या सुतावर माझी दोरी नको."

ऊन उतरेपर्यंत तो मूठ आवळून बसून होता. लेकीने मग त्याच्याशेजारी बसून आपला हात त्याच्या मुठीखाली घातला, आणि त्याचा हात दुखायला लागला की तिने धरायचं असं दोघांनी ठरवलं.